वेरमाख्टमधील आजोबा : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पोलंडचे राजकारणी डोनाल्ड टस्क यांच्या घराण्यावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे की, टस्क यांचे आजोबा हिटलरच्या सैन्यात, म्हणजे वेरमाख्टमध्ये, होते ही गोष्ट मी 'सक्तीची भरती' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळली, टस्क यांनी ती आधी नाकारली होती हे वगळले, आणि मुळात जर्मन असलेल्या घराण्याला काशुब (ग्दान्स्क शहराच्या परिसरातील स्लाव समाज) म्हणून त्यावर पांघरूण घातले.

दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ऑक्टोबर 2005 मध्ये, पोलंडच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत, टस्क यांचे प्रतिस्पर्धी लेक काचिन्स्की यांच्या प्रचारातील यात्सेक कुर्स्की यांनी एका साप्ताहिकाला सांगितले की, टस्क यांचे आजोबा युझेफ स्वेच्छेने वेरमाख्टमध्ये दाखल झाले होते असे बोलले जाते. टस्क यांनी ते नाकारले, आणि काही दिवसांतच युझेफ यांचे नाव जर्मन सैन्याच्या दफ्तरात सापडले. हे लेखात यायलाच हवे होते. तशी दुरुस्ती मी केली आहे.

परंतु नाव सापडले म्हणून 'स्वेच्छेने' हा शब्द खरा ठरत नाही, आणि सारा वाद त्या एका शब्दाचा आहे. युझेफ हे ग्दान्स्कच्या, म्हणजे तेव्हाच्या डान्झिग या मुक्त नगरातील, पोलिश अल्पसंख्याकांपैकी एक रेल्वे कर्मचारी होते. 1 सप्टेंबर 1939 रोजी, युद्धाच्या पहिल्याच दिवशी, जर्मनांनी त्यांना अटक केली. पुढे श्टुटहोफ आणि नॉयएनगामे या छळछावण्या त्यांनी भोगल्या. सैन्यात त्यांची नोंद आहे ती 2 ऑगस्ट 1944 ची, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते पश्चिमेकडील पोलिश सैन्यात, म्हणजे मित्रराष्ट्रांच्या बाजूने जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या सैन्यात, आहेत. म्हणजे जर्मन गणवेश त्यांच्या अंगावर चार महिनेसुद्धा राहिला नाही. जो माणूस आधी छळछावणीत होता आणि संधी मिळताच पलीकडे गेला, त्याला स्वयंसेवक म्हणण्यास माझे मन धजत नाही.

हे एकट्या युझेफ यांचे प्राक्तन नव्हते. पोमेरेनियात नाझी प्रशासक आल्बर्ट फोर्स्टर याने 'जर्मन लोकसूची'त, म्हणजे जर्मन मानल्या जाणाऱ्यांच्या यादीत, गावेच्या गावे नोंदवून घेतली. नाव नोंदवण्यास नकार देणाऱ्यावर छावणीची टांगती तलवार होती आणि नोंदवले की घरातल्या तरुणांना सैन्याचे बोलावणे येत असे. युद्ध संपेपर्यंत पश्चिमेकडील पोलिश सैन्यात वेरमाख्टमधून आलेल्यांची संख्या सुमारे 89 हजारांवर गेली होती. ग्दान्स्कच्या परिसरात असा आजोबा किंवा काका नसलेले जुने घर सापडणे कठीण, आणि या गोष्टी घरात सहसा बोलल्या जात नसत. टस्क यांच्या नकाराचे समर्थन मी करीत नाही, पण त्यामागे हेही मौन असू शकते, असे मला वाटते.

आता घराणे जर्मन की काशुब, याविषयी. काशुबी ही पोलिशच्या जवळची, तरीही वेगळी स्लाव भाषा आहे. तिला प्रादेशिक भाषेचा दर्जा देणारा कायदा पोलंडने केला तो जानेवारी 2005 मध्ये, म्हणजे त्याच निवडणुकीच्या वर्षी. टस्क स्वतःला काशुब म्हणवतात आणि वडिलांकडचे घराणे काशुबच आहे. मात्र त्यांच्या आईची आई ग्दान्स्कच्या जर्मन कुटुंबातली होती, ही गोष्ट आपल्या बाजूची आहे आणि ती मी लपवणार नाही. त्या शहरात एकाच ताटावर दोन-तीन भाषा बोलल्या जात. तिथल्या घराण्याला एकच शिक्का मारायचा तर निम्मी माणसे वंशावळीतून खोडावी लागतील.

मतदाराला उमेदवाराचे कूळ जाणून घेण्याचा हक्क आहे, असे आपण शेवटी लिहिले आहे. मग त्याला 1 सप्टेंबरची अटकही कळायला हवी होती आणि नोव्हेंबर 1944 देखील. पहिल्या फेरीत सुमारे 36 टक्के मते घेऊन पुढे असलेले टस्क दुसऱ्या फेरीत 46 विरुद्ध 54 असे हरले. ते केवळ या आरोपामुळे हरले असा दावा मी लेखातही केलेला नाही. कुर्स्की यांना मात्र त्यांच्याच पक्षाने या विधानावरून काढून टाकले आणि थोड्याच काळात परत घेतले.