चांगलं लिहा, बाकी गूगल बघून घेईल? नाही घेत!

गूगलचं कोअर अपडेट, म्हणजे सर्चचे निकाल लावायच्या पद्धतीतला मोठा बदल, आलं की एसईओवाल्यांच्या (सर्चमध्ये पानं वर आणायचं काम करणाऱ्यांच्या) व्हॉट्सॲप ग्रुपांत आणि लिंक्डइनवर एक पोस्ट हमखास फिरायला लागते. शब्द दर वेळी थोडे इकडचे तिकडे, मुद्दे तेच. प्रत्येक अपडेटने वेबवरचा कचरा कमी होतो आणि दर्जेदार मजकूर वर येतो. तुमचं ट्रॅफिक, म्हणजे साइटवर येणारे वाचक, बसलं, म्हणजे तुमचं लेखन सुमार आहे. चुका सुधारा, पुढच्या अपडेटला आपोआप वर याल. लेख मोठे लिहा, जुने उडवा, तारखा ताज्या ठेवा. आणि मराठीवाल्यांनी तर चिंताच सोडावी, इथे स्पर्धाच नाही. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. हे मुद्दे एकेक करून तपासायला हवेत, कारण या पोस्टवर विश्वास ठेवून लोक चांगल्या साइटची वाट लावून घेतात.

अपडेटने दर्जा वाढतो

यात तथ्य आहे, पण अर्धंच. फेब्रुवारी २०११ मधलं गूगलचं ‘पांडा’ अपडेट घ्या. त्याआधी इंग्रजी सर्चमध्ये कंटेंट फार्मचा, म्हणजे सर्चसाठी घाऊक मजकूर पाडणाऱ्या साइटचा, सुळसुळाट होता. डिमांड मीडिया ही त्यातली मोठी कंपनी. लोक काय शोधतात हे आधी मशीनकडून काढून घ्यायचं, मग त्या विषयावर लेखामागे १५ डॉलरच्या आसपास देऊन मजकूर पाडून घ्यायचा आणि ईहाउसारख्या साइटवर चढवायचा, असा सगळा कारखाना. जानेवारी २०११ मध्ये ही कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली आणि महिन्याभरात पांडा आलं. अमेरिकेतल्या ११.८ टक्के सर्चवर त्याचा परिणाम झाल्याचं गूगलनेच सांगितलं. गंमत अशी की ज्या ईहाउकडे सगळे बोट दाखवत होते, ती पहिल्या फेरीत सहीसलामत सुटली. सापडली ती एप्रिलच्या फेरीत.

तो कचरा हटला, हे मान्य. पण वाचून ‘हे बरं लिहिलंय’ असं ठरवायला गूगलकडे संपादक बसलेला नाही. ते खुणा मोजतं. कोण कोणाला लिंक देतं, शोधलेले शब्द पानावर कुठे आहेत, कोणत्या निकालावर क्लिक करून माणूस तिथेच थांबतो आणि कुठून लगेच माघारी फिरतो. अमेरिकेत गूगलवर चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२३ मध्ये गूगलच्या सर्च विभागातले पांडू नायक यांनी ‘नॅव्हबूस्ट’बद्दल साक्ष दिली. लोकांचे क्लिक महिनोन्‌महिने जमवून त्यावरून निकाल वर-खाली करणारी ही यंत्रणा आहे. आता खूण कळली की धंदेवाले दर्जा बनवत बसत नाहीत, ती खूण बनवतात. लिंक मोजतात म्हटल्यावर लिंकांचा बाजार भरला. तो मोडायला २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ हे अपडेट आणावं लागलं.

लाइपझिग विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षभर ७,३९२ शोधांचे निकाल तपासले. सगळे शोध वस्तूंच्या परीक्षणांचे, ‘सर्वोत्तम हेडफोन’ छापाचे. जानेवारी २०२४ मध्ये तो अभ्यास बाहेर आला. वरच्या क्रमांकांवरची पानं एसईओने जास्त घोटलेली, ॲफिलिएट लिंकांनी (त्यावरून खरेदी झाली की साइटला कमिशन मिळतं) जास्त भरलेली आणि मजकुराच्या बाबतीत तुलनेने पातळ, असं त्यांना दिसलं. वेबवरच्या एकूण परीक्षणांत ॲफिलिएट लिंकवाली पानं थोडीच असतात, सर्चच्या निकालांत मात्र त्यांचीच गर्दी. अपडेटनंतर निकाल सुधारत होते, नाही असं नाही. पण तो परिणाम बराचसा तात्पुरता होता.

ट्रॅफिक बसलं म्हणजे लेखन वाईट

हा मुद्दा सगळ्यात जास्त नुकसान करतो आणि तो खोडायला गूगलचीच साक्ष पुरते. ऑगस्ट २०१९ मध्ये गूगलने कोअर अपडेटबद्दल साइटवाल्यांसाठी एक लेख लिहिला. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की घसरलेल्या पानात काही खोट असेलच असं नाही. उदाहरण चित्रपटांचं होतं. २०१५ मध्ये केलेली उत्तम १०० चित्रपटांची यादी २०१९ मध्ये नव्याने केली, तर काही नावं खाली जाणारच. म्हणून ते चित्रपट वाईट ठरत नाहीत.

हाउसफ्रेश नावाची एक छोटी साइट आहे. एअर प्युरिफायर स्वतः चालवून, मोजमापं घेऊन त्यावर लिहिणारी. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी सविस्तर लेख लिहून दाखवलं की मोठमोठ्या मासिकांच्या साइट न वापरलेल्या यंत्रांच्या ‘सर्वोत्तम दहा’ याद्या छापतात आणि नावाच्या जोरावर सर्चमध्ये त्यांच्या वर बसतात. पुढच्याच महिन्यात कोअर अपडेट आलं. मे महिन्यात हाउसफ्रेशने लिहिलं, गूगलकडून येणारे ९१ टक्के वाचक गेले. आता पोस्टकर्त्याचा निकष लावायचा, तर यंत्र खोलीत ठेवून मोजणारे सुमार आणि खोकं न उघडताच यादी लिहिणारे दर्जेदार! गूगललाही हे पटलं नसावं. ‘साइटच्या पुण्याईचा गैरवापर’ म्हणावा असा नवा नियम त्यांनी मार्च २०२४ मध्येच जाहीर केला होता, मे महिन्यात लागू केला आणि नोव्हेंबरमध्ये आणखी कडक केला. मोठ्या नावाच्या आडोशाला बाहेरच्यांचा मजकूर लावून पैसे काढायचे, त्यावरचा हा नियम. म्हणजे खोट निकाल लावणाऱ्या यंत्रणेतही होती.

याचा अर्थ पडलेली प्रत्येक साइट सोन्यासारखी असते असा नाही. कित्येक पडायच्याच लायकीच्या असतात. पण ट्रॅफिकचा आलेख बघून ते ठरत नाही, पान वाचून ठरतं.

सुधारा, पुढच्या वेळी वर याल

पेंग्विनमध्ये सापडलेल्यांना विचारा. तेव्हा पेंग्विन सतत चालत नसे, गूगल फेरी काढेल तेव्हाच त्याचा हिशेब नव्याने व्हायचा. ऑक्टोबर २०१४ नंतरची मोठी फेरी आली थेट सप्टेंबर २०१६ मध्ये. मधल्या काळात कोणी सगळ्या विकतच्या लिंका काढून टाकल्या, गूगलला नाकारायच्या लिंकांची यादीही पाठवली, तरी जवळजवळ दोन वर्षं हात चोळत बसण्यावाचून इलाज नव्हता.

सप्टेंबर २०२३ च्या ‘हेल्पफुल कंटेंट’ अपडेटचं दुखणं वेगळं. मजकूर वाचकाच्या कामाचा आहे की नाही हे ठरवणारं हे अपडेट. त्याचा शिक्का एकेका पानावर नव्हता, अख्ख्या साइटवर होता. चाळीस लेख उत्तम आणि दोनशे नुसती जागा भरणारे, तर उत्तम चाळीसही खाली. मार्च २०२४ मध्ये ही यंत्रणा मुख्य रँकिंगमध्येच मिसळून टाकली गेली. त्यानंतर पडलेल्याला आपण नेमके कशाने पडलो हे कळायचीही सोय उरली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलने अशा काही साइटवाल्यांना आपल्या मुख्यालयात बोलावून त्यांचं ऐकून घेतलं. ट्रॅफिक परत येईल असं आश्वासन मात्र कोणालाही मिळालं नाही.

मोठं लिहा, जुनं उडवा, तारीख बदला

यावर फार वेळ घालवायला नको. गूगलला ठरावीक शब्दसंख्या आवडते असं ऐकून लिहीत असाल तर तसं काही नाही, हे त्यांच्याच मार्गदर्शक पानावर लिहिलेलं आहे. जुनं काढल्याने साइट ‘ताजी’ ठरत नाही, हेही तिथेच. २०२३ मध्ये सीनेट (CNET) या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या साइटने हजारो जुने लेख उडवल्याची बातमी आली, तेव्हाही गूगलकडून हाच खुलासा झाला. मजकूर तोच ठेवून नुसती तारीख बदलणं तर ते सरळ धोक्याच्या खुणांमध्ये धरतात.

तरी उकडीच्या मोदकांची रेसिपी शोधा. पाण्याला उकळी आणा, मीठ आणि चमचाभर तूप घाला, पिठी घालून वाफ आणा, गरम असतानाच मळा नाहीतर पारी फाटते. सांगायचं एवढंच. त्याआधी बाप्पाला मोदक का आवडतात, मोदकाचे प्रकार किती, मोदक खाण्याचे फायदे, असे तीन परिच्छेद ओलांडावे लागतात. हे कोणत्या अपडेटने सांगितलं? कोणत्याच नाही. पान लांब असलं की मध्ये जाहिराती जास्त बसतात, हे खरं कारण. एसईओचं नाव नुसतं पुढे केलं जातं.

मराठीत काय काळजी!

स्पर्धा कमी आहे, मान्य. पण झाडूही उशिरा येतो. पांडा इंग्रजीबाहेरच्या बहुतेक भाषांत पोचायला ऑगस्ट २०११ उजाडला. वाक्याचा संदर्भ समजून घेणारं ‘बर्ट’ अमेरिकन इंग्रजीत ऑक्टोबर २०१९ मध्ये आलं, मराठीसह सत्तरहून जास्त भाषांत डिसेंबरमध्ये. ‘हेल्पफुल कंटेंट’ ऑगस्ट २०२२ मध्ये इंग्रजीत सुरू झालं, बाकी भाषांना डिसेंबर लागला. शिवाय भाषेत चांगली पानंच कमी असतील, तर वाईटाला खाली ढकलून वर आणायचं काय?

लाडक्या बहिणीच्या हप्त्याचं घ्या. ‘हप्ता कधी जमा होणार? मोठी अपडेट’ असं शीर्षक, वर आजची तारीख. पहिल्या परिच्छेदात योजना जुलै २०२४ पासून लागू झाल्याचं. दुसऱ्यात महिना १५०० रुपये. तिसऱ्यात वय २१ ते ६५ आणि वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. प्रत्येक उपशीर्षकात ‘हप्ता’ हा शब्द हवाच. आणि ज्या प्रश्नासाठी बाईने पान उघडलं, त्याचं उत्तर तळाशी: लवकरच घोषणा होण्याची शक्यता. उद्या हेच पान नव्या तारखेने. ‘तारीख अजून जाहीर झालेली नाही’ हे खरं उत्तर एका ओळीत मावतं. पण ते पहिल्याच ओळीत देऊन टाकलं, तर बाई जाहिरातीपर्यंत खाली येणार कशाला?

ही पानं लिहिणारी पोरं काही लेखनात कच्ची नसतात. सकाळी त्यांना कीवर्डची, म्हणजे लोक शोधत असलेल्या शब्दांची, यादी मिळते आणि दुपारपर्यंत तेवढे लेख द्यायचे असतात. ती यादी बहुतेक वेळा गूगल ट्रेंड्सवरूनच, म्हणजे लोक सध्या काय शोधतायत हे दाखवणाऱ्या गूगलच्याच पानावरून, उतरवलेली असते.