शिरोलीच्या दादांची कमेंट, आणि माझी पर्चेसची वही

दादा, नमस्कार. कमेंटखाली नाव नाही घातलंत, 'शिरोलीत १८ माणसांची फाउंड्री' (म्हणजे लोखंड वितळवून ओतायचा कारखाना, माझाही तोच) एवढंच लिहिलंय, म्हणून दादाच म्हणतो. उत्तराला आठवडा लागला. मध्ये फर्नेसचं, म्हणजे भट्टीचं, आतलं लायनिंग काढलं होतं आणि त्या दोन दिवसांत माणूस घरच्यांशीसुद्धा धड बोलत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

बाकीच्यांसाठी विषय थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की छोट्या कारखान्यालाही पर्यावरण आणि कामगार दोन्ही सांभाळून धंदा करता येतो आणि 'त्याचा खर्च आपोआप निघतो'. त्यावर दादांनी जे झोडपलंय त्याचा सार असा: हे सगळं पोट भरलेल्यांचं बोलणं आहे, मोठ्या कंपन्या आमचं बिल १२० दिवस अडकवतात आणि वर आम्हालाच पर्यावरणाचे फॉर्म भरायला लावतात, तेव्हा 'आधी त्यांना सांगा', सोलर लावा म्हणणाऱ्यांनी एकदा फर्नेसचं लाइट बिल बघावं, आणि 'तुमच्यासारखे लोक एलईडी लावतात आणि ब्लॉग लिहितात'.

शेवटचं वाक्य लागलं. एलईडी खरंच लावलेत मी.

आधी जे तुमचं बरोबर आहे ते कबूल करतो. 'खर्च आपोआप निघतो' हे मी चुकीचं लिहिलं. म्हणजे अर्धं बरोबर होतं, पण अर्धं बरोबर असलेलं वाक्य जास्त घातक, कारण वाचणारा पहिल्या महिन्यात हिशोब बघतो, पैसे निघालेले दिसत नाहीत, आणि मग सगळंच सोडून देतो. काही गोष्टी अशा आहेत की ज्यात पैसे वाचतात, त्याला मी खरं तर काटकसरच म्हणेन, शाश्वत वगैरे नाव द्यायचीपण गरज नाही. आणि काही गोष्टी अशा आहेत की ज्यात पैसे जातात आणि परत येत नाहीत, आणि तरी कराव्या लागतात. मी दोन्ही एकाच पोत्यात भरलं. तिथं चुकलो.

सोलरचं तर तुम्ही म्हणता तेच. एक टन लोखंड इंडक्शनवर (विजेच्या भट्टीवर) वितळवायला ढोबळ ६०० युनिट धरा. दिवसाला पाच टन मेल्टिंग म्हणजे ३००० युनिट. छतावरचं एक किलोवॅट सोलर दिवसाला चारेक युनिट देतं आणि त्याला शंभरेक चौरस फूट जागा लागते. म्हणजे पाच टनासाठी ७५० किलोवॅट, म्हणजे ७५ हजार चौरस फूट छत! माझी शेड आठ हजार फुटांची, तीपण जुन्या सिमेंट पत्र्याची, त्यावर माणूस चढवायचा म्हणजे हनुमान चालिसा म्हणत चढवायचा. पूर्ण भरली तरी अर्धा टन मेटल निघेल जेमतेम. मशीन शॉपवाल्याला किंवा पॅकिंगवाल्याला सोलर जमतं, त्यांनी जरूर लावावं, पण फाउंड्रीवाल्याला 'सोलर लावलं की ग्रीन झालात' असं सांगणारा माणूस बहुतेक सोलर विकणाराच असतो.

पण दादा, त्याच ६०० युनिटांत आपण स्वतः किती घालवतो ते बघा ना. रनर-रायझर (साच्यात धातू जायच्या वाटांत गोठलेलं जादा लोखंड) तोडून परत चार्ज करतो, म्हणजे भट्टीत टाकतो, तेव्हा त्याला चिकटलेली साच्याची वाळू झाडतो का आपण? मी वर्षानुवर्षं झाडत नव्हतो. ती वाळू फर्नेसमध्ये जाते, तिचा स्लॅग (मळी) होतो, तो तापवायला करंट जातो, काढायला माणूस लागतो, लायनिंगपण खाल्लं जातं, म्हणजे आपण लाइट बिल भरून वाळू शिजवतो. आता हा परत वितळवायचा माल आधी जुन्या टम्बलिंग ड्रममधून फिरवून घेतो. ड्रम भंगारातच पडला होता, फक्त मोटर नवी घातली.

दुसरं म्हणजे हवा, मशीनना लागणारी कॉम्प्रेसरची दाबाची हवा. हे जरा सविस्तर लिहितो, कारण कोणीही फुकटात करून बघू शकतो. सुट्टीच्या दिवशी, शॉपमध्ये एकही मशीन चालू नसताना, कॉम्प्रेसर चालू करायचा, लाइन भरू द्यायची आणि मोबाइलवर वेळ लावायची. हवा कुणी वापरतच नाहीये, मग कॉम्प्रेसर एकदा भरला की गप्प बसायला पाहिजे की नाही? माझा दोन मिनिटं लोडवर (हवा भरत) चालायचा, तीन मिनिटं अनलोड (नुसता फिरत), परत दोन मिनिटं. पाचातली दोन, म्हणजे ४० टक्के हवा नुसती गळत होती. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन मी आणि मेंटेनन्सचा पोरगा सगळी लाइन फिरलो. क्लिपच्या जागी तारेनं आवळलेले पाइप, ड्रेन व्हॉल्व्ह कुणीतरी कायमचा थोडा उघडा ठेवलेला, आणि शेल मशीनच्या मागं एक भोक, तिथं कुणीतरी पंखा म्हणून मुद्दाम ठेवलेलं होतं! उन्हाळ्यात तिथं उभं राहिलं तर मलाही कळलं का ठेवलं होतं ते. सात बारला तीन मिलिमीटरचं एक भोक साधारण साडेतीन किलोवॅट खातं, दोन शिफ्टला रोजचे ५६ युनिट झाले. ते भोक बुजवलं आणि तिथं एक खरा पंखा लावला. आता लोड ४० सेकंद, अनलोड चार मिनिटं. १४ टक्के गळती अजून आहे, पण ४० वरून १४ वर आलो, आणि खर्च क्लिपा, टेप आणि एका पंख्याचा.

इथपर्यंत काटकसर. यात समाजसेवा काही नाही, कुणी हार घालायचं कारण नाही.

आता ज्यात पैसे परत येत नाहीत ते. आमच्याकडं फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करायच्या कामाला) एक मामा होते, सगळेच त्यांना मामा म्हणायचे, माझ्या वडिलांच्या काळापासूनचे. तोंडाला गमछा बांधून ग्राइंडर चालवायचे आणि शिफ्ट संपली की एअर लाइन घेऊन डोक्यावरची, शर्टावरची धूळ उडवायचे, एकदम पांढरा ढग व्हायचा आणि ढगातून मामा बाहेर यायचे, पोरं हसायची, मीपण हसायचो. खोकला सुरू झाला तेव्हा टीबी म्हणून औषधं झाली, कोर्स पूर्ण झाला तरी खोकला तसाच. पुढं दुसऱ्या डॉक्टरनं एक्स-रे बघून पहिला प्रश्न विचारला, काम काय करता. सिलिकोसिस. वाळूची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि ते फुफ्फुस परत पहिल्यासारखं होत नाही. जी धूळ डोळ्याला दिसते ती जड असते, खाली बसते, जी खोल आत जाते ती दिसतच नाही, त्यामुळं गमछा म्हणजे आपल्या मनाचं समाधान. १९४८ च्या कारखाने कायद्यातच हा सरकारकडं नोंदवायचा आजार म्हणून होता, म्हणजे माझ्या वडिलांच्या जन्माच्याही आधीपासून हे माहिती होतं. मला माहिती नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, मी विचारलं नव्हतं एवढंच.

मामा आता घरी असतात. त्यांना आम्ही काय देतो ते इथं लिहित नाही, ते लिहायचं नसतं.

त्यानंतर दोन ग्राइंडिंग बूथ आणि डस्ट कलेक्टर बसवला, सव्वाचार लाख गेले. वर बॅग फिल्टर बदलायचा खर्च, आणि त्याचा ब्लोअर करंट खातोच, कॉम्प्रेसरमध्ये जे वाचवलं त्यातलं बरंचसं इथं गेलं. कपड्यांवर हवा मारायला बंदी केली त्यावरून दोन माणसं भांडली. यातून एक रुपया परत आला नाही. कास्टिंगचा (ओतलेल्या मालाचा) दर या कारणानं कुणी वाढवून दिला नाही. तुम्ही विचारता 'परवडतं का', तर नाही परवडत दादा. एक जुनं मशीन घ्यायचं होतं ते घेतलं नाही, एवढाच त्याचा हिशोब.

वाळूचंही तेच. रेझिन सँडचा (रेझिननं घट्ट केलेल्या साच्याच्या वाळूचा) टाकाऊ माल आमची ट्रॉली रात्री कुठं रिकामा करायची हे मी लिहायला नको, शिरोलीत आणि आमच्या गोकुळ शिरगावात, कोल्हापूरच्या दोन्ही एमआयडीसींत, पद्धत एकच आहे. जून-जुलैमध्ये ओढ्याला काळं पाणी येतं ते कुणाचं म्हणून विचारलं की सगळे आभाळाकडं बघतात. आता आमची वाळू एक पेव्हर ब्लॉकवाला थोडी-थोडी मिसळायला घेतो, वाहतूक माझी. ट्रॉलीपेक्षा महाग पडतं.

ईएसआयबद्दल (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याबद्दल) तुम्ही चिडून लिहिलंय, त्यात मात्र मी तुमच्या बाजूनं नाही. दहा माणसं झाली की लागू, २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना, मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५. पंधरा हजारांच्या माणसामागं आपले जातात ४८७ रुपये ५० पैसे. दवाखान्याची सेवा कशी मिळते त्यावर भांडूया, मीपण भांडतो, पण पटावर नऊ आणि बाकीचे ठेकेदाराचे हा जो खेळ आहे, तो 'छोटा उद्योग जगला पाहिजे' या नावाखाली नको. बोट गेलं की ठेकेदार फोन उचलत नाही, आणि कायद्यानं जबाबदारी मूळ मालकावरच येते.

आता मोठ्या कंपन्या. इथं तुमचा राग मला पूर्ण मान्य. सेबीनं (शेअर बाजाराच्या नियामकानं) मोठ्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, तेव्हापासून त्यासाठी माहिती मागणारी एक्सेल शीट खाली-खाली सरकत आपल्यापर्यंत येते. मला एकानं विचारलं होतं की तुमचं जैवविविधता धोरण काय आहे. शेडच्या मागं एक बोरीचं झाड आहे, त्यावर साळुंक्या असतात, ते लिहावं का हा विचार मी खरंच केला होता. आणि ज्या खरेदीवाल्याची ती शीट, त्याचंच पेमेंट ११० दिवसांवर! कायदा काय म्हणतो तर सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, लेखी करार नसेल तर १५, उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. २००६ चा कायदा आहे. मला आजवर एकानंही हे व्याज दिलेलं नाही, मी मागितलंही नाही, का ते तुम्हाला माहितीये, मागितलं की पुढच्या महिन्यात पॅटर्न (साचा करायचा त्यांचा नमुना) परत न्यायला गाडी येते, म्हणजे काम गेलं. २०२४ पासून इन्कम टॅक्सवाल्यांनी ४३बी(एच) हे कलम आणलं, म्हणजे मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, देईल त्या वर्षी मिळतो. तेव्हा मार्चमध्ये काही पैसे खरंच लवकर आले. आणि एकाकडून फोनपण आला, 'तुमची उद्यम नोंदणी रद्द करता का हो, सोपं पडेल', म्हणजे मी कागदावर लघु उद्योगच नको आणि त्यांना मुदतही नको. नाव घेत नाही, अजून माल जातो त्यांच्याकडं.

त्यामुळं 'आधी त्यांना सांगा' हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. सांगतोय की. पण तुमची कमेंट वाचून त्या रात्री मी एक उद्योग केला, माझीच पर्चेसची वही काढली. वरून पैसे येत नाहीत म्हणून आपण ओरडतो, मग आपण खाली किती दिवसांनी देतो? बेंटोनाइटवाल्याला (साच्याची वाळू बांधणारी माती देणाऱ्याला) ६० दिवस, तो मोठा आहे, तो बघून घेईल. मशीनिंगच्या जॉबवर्कवाल्याला ५५. आणि लाकडी पॅटर्न करणारे एक मिस्त्री आहेत, उद्यमनगरात, बाप-लेक दोघंच, दुकान म्हणजे एक बँडसॉ आणि एक खिडकी, त्यांचं १४ हजारांचं बिल ७८ दिवसांपासून माझ्या अकाउंटंटच्या क्लिपमध्ये होतं. अकाउंटंटला विचारलं तर म्हणाली, 'सर ते कधी मागतच नाहीत, म्हणून मागं राहतं'.

आपण का मागत नाही वरच्याकडं? तेच कारण.

१४ हजार होते हो. माझ्याकडं नव्हते असं नाही. मोठ्याचं पेमेंट अडकलं म्हणून त्यांचं अडकलं असंही नाही, ते नुसतं राहिलं. मागच्या लेखात जबाबदार उद्योग वगैरे मोठं-मोठं लिहिलं, तेव्हाही हे बिल क्लिपमध्येच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रान्सफर केलं, मिस्त्रींचा फोन आला, त्यांना वाटलं नवीन काम असेल म्हणून ॲडव्हान्स दिलाय.

जॉबवर्कवाल्याचं अजून राहिलंय. या महिन्यात ४५ वर आणतो, लगेच ३० वर नाही जमणार.

तर दादा, एलईडी आणि ब्लॉगचा टोमणा घेतला. एकच विनंती, पुढच्या सुट्टीच्या दिवशी कॉम्प्रेसरची ती टेस्ट कराच आणि जो आकडा येईल तो इथं टाका, ४० पेक्षा जास्त आला तर चहा माझ्याकडून, कमी आला तर तुमचा मेंटेनन्सचा माणूस मला दोन दिवस उसना द्या. आणि पेव्हर ब्लॉकवाल्याचं तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय, त्याला रेझिनचा वास फार असलेली वाळू चालत नाही, आठवडाभर मोकळ्या हवेत, पण शेडखाली, पसरून ठेवावी लागते, पावसात भिजू द्यायची नाही. त्याला विचारून नंबर मेल करतो.