इंडिया गेटवरची ९५,३०० नावं: एका फॉरवर्डची उलटतपासणी

ऑगस्ट लागला की हा मजकूर फिरायला लागतो आणि १७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, उलटेपर्यंत काही थांबत नाही. गावाचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, सगळीकडे तोच. दिल्लीच्या इंडिया गेटवर म्हणे ९५,३०० स्वातंत्र्यसैनिकांची नावं कोरलेली आहेत. त्यात मुसलमान ६१,९४५, शीख ८,०५०, मागास १४,४८०, दलित १०,७७७, सवर्ण ५९८ आणि संघी शून्य. शेवटची ओळ कुणाला डिवचायला लिहिली आहे हे सांगायला नको, आणि ती बरोबर डिवचते. मग खाली उत्तरं पडतात. एक जण लिहितो, इंडिया गेट म्हणजे इंग्रजांसाठी मेलेल्या गुलामांचं स्मारक, तिथं जायचंच कशाला? दुसरा लिहितो, अमर जवान ज्योत तर २०२२ सालीच विझवली, आता बघायला उरलंय काय? तिसरा खास आपल्याकडचा: दिल्लीचं काही का असेना, मराठवाड्याचा तिथं काय संबंध, आणि आपल्या हुतात्म्यांची नावं तर कुठंच नाहीत.

मूळ मजकूर खोटा आहे. त्याला दिलेली तिन्ही उत्तरंही टिकत नाहीत.

सुरुवात बेरजेपासून करू, कारण तिला ना इतिहास लागतो ना राजकारण. वरचे पाच आकडे मिळवा. ९५,८५० येतात. म्हणजे एकूण सांगितलेल्या संख्येपेक्षा ५५० माणसं जास्त. काही प्रतींमध्ये मुसलमानांचा आकडा ६१,३९५ असा आहे, तिथं मात्र बेरीज जुळते. उघड आहे, नक्कल करताना कुठंतरी कुणाचं बोट घसरलं आणि पुढच्यांनी आहे तसं ढकललं. किराणा दुकानातलं बिल आपण दोनदा तपासतो. हे एकदाही कुणी तपासलं नाही. आणि जुळणारी बेरीज खरी असं कुणी म्हणत असेल, तर पुढचं वाचा.

इंडिया गेट मुळात स्वातंत्र्यसैनिकांचं स्मारक नाही. त्याची कोनशिला १० फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉटनं बसवली, आराखडा एडविन लुटियन्सचा, आणि उद्घाटन १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हातून झालं. ही दुसरी तारीख जरा ध्यानात ठेवा. तिच्या बरोबर एक महिना आधी, १२ जानेवारी १९३१ रोजी, आपल्या शेजारच्या सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. उद्घाटनानंतर दीड महिन्याच्या आत भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना लाहोरात. महिन्यापूर्वी ज्यांना फासावर चढवलं, त्यांच्या साथीदारांची नावं तेच सरकार राजधानीतल्या कमानीवर कोरेल का? एवढा एक प्रश्न कुणाला पडला असता तरी हा मजकूर पहिल्याच ग्रुपवर मेला असता.

मग ती नावं कुणाची? पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि फ्लँडर्स, मेसोपोटेमिया (आजचं इराक), पूर्व आफ्रिका, गॅलिपोली अशा ठिकाणी ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी सैन्यातले ७०,००० हून अधिक जवान मेले. स्मारक या सगळ्यांसाठी आहे, पण भिंतींवर कोरलेली नावं आहेत १३,००० च्या वर. ती प्रामुख्यानं वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. त्यांत ब्रिटिश अधिकारीही आहेत. कमानीच्या माथ्यावर इंग्रजीत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. खाली उभं राहून मोबाइलचा कॅमेरा थोडा झूम केला तरी वाचता येतं. पण लोक पाठ फिरवून सेल्फी घेतात, त्याला कमान काय करणार.

फ्रान्समध्ये किंवा इराकमध्ये मेलेल्यांची स्मारकं त्या त्या देशात आहेत, उदाहरणार्थ फ्रान्समधलं न्यूव्ह शापेल. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडं या सगळ्या नावांची नोंद असून ती इंटरनेटवर फुकट शोधता येते. ज्यांना आकड्यांची इतकी हौस आहे त्यांनी तिथं एक संध्याकाळ घालवावी.

आता धर्मवार तक्ता. इंडिया गेटवर नाव आहे, हुद्दा आहे, पलटण आहे. धर्माचा रकाना नाही, जातीचा तर नाहीच. यावर ग्रुपवरच्या एका काकांचं म्हणणं, “नावावरून ओळखलं असेल की.” काका, तुम्ही मराठवाड्यात राहता. आपल्याकडं देशमुख हिंदूही आहेत आणि मुसलमानही. पटेल, इनामदार, जहागीरदार यांचंही तेच. मतदारयादी वाचून जिथं आपली फसगत होते, तिथं शंभर वर्षांपूर्वीच्या पठाणी, पंजाबी, गढवाली नावांतून ‘मागास’ आणि ‘सवर्ण’ कुणी वेगळे काढले?

या तक्त्याचा मला खरा राग येतो तो वेगळ्याच कारणानं. खोटा आकडा ज्यांच्या बाजूनं रचलेला असतो, त्यांचंच तो नुकसान करतो. मुसलमानांचा स्वातंत्र्यलढ्यातला वाटा सांगायला बनावट दगडाची गरज काय? कुर्बान हुसेन वर आलेच. आपल्याच लढ्यातले (मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता) शोएबुल्ला खान घ्या. हैदराबादेत ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक चालवायचे, संस्थानानं भारतात विलीन व्हावं असं निजामाच्या नाकासमोर लिहायचे. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, त्यांचा खून केला. त्यांचं नाव किती ग्रुपवर फिरतं? ६१ हजारांचा खोटा आकडा पकडला गेला की ऐकणारा या खऱ्या नावावरही विश्वास ठेवत नाही.

‘गुलामांचं स्मारक’ म्हणणाऱ्यांना थोडक्यात. १९१८ साली गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव फिरत होते. टिळकांनीही हक्कांच्या बोलीवर भरतीला पाठिंबा दिला होता. युद्धानंतर स्वराज्याचं माप पदरात पडेल असा दोघांचा हिशेब होता, तो इंग्रजांनी फसवला. ज्यांनी हा हिशेब मांडला त्यांना आपण गुलाम म्हणत नाही. मग पोटासाठी पलटणीत गेलेल्या शेतकऱ्याच्या पोरालाच का म्हणायचं? साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण पहिल्या महायुद्धात परतले नाहीत. त्या गावाला आजही लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात. तिथल्या पारावर बसून ‘गुलाम’ हा शब्द उच्चारून बघा.

ज्योतीचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. १९७१ च्या युद्धातल्या शहिदांसाठी इंडिया गेटच्या कमानीखाली उलटी रायफल, तिच्यावर हेल्मेट आणि शेजारी ज्योत अशी रचना झाली, २६ जानेवारी १९७२ रोजी. पन्नास वर्षांनी, २१ जानेवारी २०२२ रोजी, ती ज्योत तिथून नेऊन राष्ट्रीय समर स्मारकातल्या ज्योतीत मिसळण्यात आली. न्यायला नको होती असं म्हणणारे माजी सैनिकही होते, योग्य केलं म्हणणारेही होते. वाद घालायला जागा आहे, मलाही ती जुनी जागा आवडायची. पण ‘विझवली’ आणि ‘आता काही उरलं नाही’ हे मात्र चूक. उलट बघण्यासारखं खरं तिथंच आहे, इंडिया गेटपासून चालत काही मिनिटांवर, आणि नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसनं दिल्लीला जाणारी आपली बहुतेक मंडळी कमानीपाशी आइस्क्रीम खाऊन परत फिरतात.

हे राष्ट्रीय समर स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालं. जवळपास ४० एकर, प्रवेश मोफत. चार वर्तुळं एकात एक. मधोमध अमर चक्र, तिथं साडेपंधरा मीटरचा स्तंभ आणि ज्योत. त्याबाहेर वीरता चक्र, त्यात लढायांची सहा कांस्यशिल्पं: लोंगेवाला, रेझांग ला, कराचीवरचा नौदलाचा हल्ला वगैरे. सगळ्यात बाहेर रक्षक चक्र, म्हणजे झाडांच्या रांगा. पहारा देणाऱ्या जवानांच्या जागी झाडं. वाळवंटी डोळ्यांच्या आम्हा मराठवाडेकरांना दिल्लीच्या उन्हात तीच आधी दिसतात.

पण वेळ राखून ठेवायचा तो त्याग चक्रासाठी. सोळा भिंती. ग्रॅनाइटच्या विटेएवढ्या पाट्या, प्रत्येक पाटीवर एक माणूस: नाव, हुद्दा, पलटण. उद्घाटनाच्या वेळी २५,९४२ नावं होती, आणि ही यादी बंद झालेली नाही. स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत आणि मोहिमांत गेलेले सगळे इथं. सुभेदाराशेजारी शिपाई, केरळच्या माणसाशेजारी नागालँडचा. फॉरवर्डमधला तक्ता डोक्यात ठेवून या भिंतींमधून चालायला लागलात, तर दहा पावलांत तो तक्ता हास्यास्पद वाटायला लागतो. ओळखीचं नाव शोधायला तिथं पडद्यांची सोय आहे. संध्याकाळी एखाद्या शहिदाच्या घरच्यांना बोलावून त्यांच्या हातून पुष्पचक्र वाहतात. त्या वेळी तरी रील काढू नये, एवढं मी आपल्या पोरांना सांगून ठेवतो.

आता शेवटचा मुद्दा, मराठवाड्याचा काय संबंध. हा मला सगळ्यात बोचतो.

इंडिया गेटच्या भोवती जो षट्कोनी रस्ता आहे, त्याच्यावरच हैदराबाद हाउस उभं आहे. निजामाचं दिल्लीतलं घर, आराखडा त्याच लुटियन्सचा. परदेशी पाहुण्यांच्या भेटी टीव्हीवर दिसतात ती हीच इमारत. निजामाच्या तिजोरीत आपल्या पाच जिल्ह्यांचा सारा जात होता, तेव्हा त्या भिंतींत थोडी परभणी-बीडची काळी जमीन आहेच. तिथून पुढं तीन मूर्ती चौक. ते तीन पुतळे हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर या संस्थानांच्या घोडदळांचे, पहिल्या महायुद्धात सिनाई-पॅलेस्टाइनच्या मोहिमेत लढलेल्यांचे. त्यातला एक आपल्या संस्थानाचा.

समर स्मारकात परम योद्धा स्थळावर परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत. त्यात लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर शोधा. पारशी, जन्म मुंबईचा, पण नोकरीची सुरुवात निजामाच्या फौजेत, पुढं तिथल्याच हैदराबाद लान्सर्समध्ये. संस्थान विलीन झाल्यावर ते भारतीय लष्करातल्या पूना हॉर्समध्ये आले. १९६५ साली सियालकोट आघाडीवर जखमी असूनही मागं हटले नाहीत आणि १६ सप्टेंबरला रणगाड्यांच्या लढाईत पडले. निजामाचा अधिकारी पुढं भारताचा परमवीर झाला, ही गोष्ट आमच्या कुठल्याच ग्रुपच्या सोयीची नाही. त्या तक्त्यात तर पारशांचा रकानाही नाही.

आणि उलट बाजूनं बघा. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे हैदराबाद संस्थानावरच्या भारतीय सैन्याच्या कारवाईच्या, पहिल्याच दिवशी, १३ सप्टेंबर १९४८ ला, सोलापूरकडून येणारं सैन्य नळदुर्गला पोचलं. तिथं शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडले. अशोक चक्राच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी ते एक. लुधियाना जिल्ह्यातला माणूस आपल्या धाराशिव जिल्ह्यात, आपल्या सुटकेसाठी मेला. दरवर्षी तुळजापूर-नळदुर्ग रस्त्यानं आपण किती वेळा जातो, किती जणांना हे नाव माहीत आहे?

राहिले आपले, निजामाविरुद्धच्या लढ्यातले हुतात्मे. गोविंदराव पानसरे, बहिर्जी शिंदे आणि त्यांच्यासारखे शेकडो. ते सैनिक नव्हते, म्हणून दिल्लीच्या सैनिकी स्मारकांत त्यांची नावं नाहीत. यात अपमान काही नाही, याद्याच वेगळ्या आहेत. ‘कुठंच नाहीत’ हे मात्र खोटं. छत्रपती संभाजीनगरात सिद्धार्थ उद्यानात मुक्तिसंग्रामाचा स्मृतिस्तंभ आहे, १७ सप्टेंबरला मुख्यमंत्री तिथं झेंडावंदनाला येतात. बाकी वर्षभर आपण त्याच बागेत वाघ बघायला जातो. परभणीत राजगोपालाचारी उद्यान, नांदेडला विसावा उद्यान. शिवाय अंतुले मुख्यमंत्री असताना हाती घेतलेल्या योजनेतली हुतात्मा स्मारकं तालुक्या-तालुक्यात आहेत.

ती कोणत्या हालात आहेत ते विचारू नका. आमच्याकडच्या एकाची किल्ली कुणाकडं असते हे शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली, आणि दार उघडल्यावर आत मंडपाचे बांबू आणि सतरंज्या. नामफलक त्यांच्या मागं. सतरंज्या सरकवल्या तेव्हा अक्षरं वाचता आली, खालच्या दोन ओळींचा रंग गेलेला. त्यातली आडनावं आजही त्याच गावांत आहेत, काही तर आपल्याच ग्रुपवर आहेत.

तेव्हा काका, “मग पोस्ट डिलीट करू का” असं तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर: हो, करा. आणि येत्या १७ तारखेला सकाळी झेंडावंदन झाल्यावर आपापल्या तालुक्याच्या स्मारकातल्या नामफलकाचा फोटो ग्रुपवर टाका, नावं वाचता येतील असा. ज्याचा रंग उडालाय तो आधी.