फॉर्म गेला

परवा इथे नाशिकमध्ये रविवार कारंजाजवळच्या एका जुन्या वाड्यात गेले होते. तिथल्या काकूंचे यजमान साठच्या दशकात दिवाळी अंक काढायचे. वाडा आता पाडायचाय. काकूंचा फोन आला, "अगं, उद्या रद्दीवाला येतोय. तुझे बाबा आमच्या अंकाचे खिळे जुळवायचे. काही हवं असेल तर बघून ने."

ट्रंकेत जमाखर्चाच्या वह्या, जाहिरातींचे ब्लॉक आणि सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा. त्यात एक अंतर्देशीय सापडलं. लेखकाचं नाव आज लिहीत नाही. त्यांच्या घरच्यांना विचारलंय, हो म्हणाले की लिहीन. मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेलं नाव आहे.

पत्र नऊ ओळींचं. छापायला दिलेल्या कथेच्या शेवटच्या वाक्यात 'शांत'ऐवजी 'गप्प' हवं होतं. आधी लिहिलंय, 'एवढा बदल करावा'. मग 'करावा' खोडलंय आणि वर बारीक अक्षरात, 'करता आला तर पाहावा'. खाली संपादकांची तांबडी पेन्सिल: 'मिळाले २१/९. फॉर्म गेला.'

पोटात कालवलं माझ्या. फॉर्म गेला म्हणजे काय, ते बाबांमुळे मला माहीत आहे. छोट्या छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, मोजकेच असायचे. एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापायची जुळवलेली पानं, छापून झाला की तो सोडवून खिळे परत केसात, म्हणजे त्यांच्या खणांच्या पेटीत, टाकायचे आणि त्याच खिळ्यांनी पुढची पानं जुळवायची. पत्र पोचलं तेव्हा ते वाक्य धातूत उरलंच नव्हतं.

पत्रावर तारीख आहे, साल नाही. पोस्टाच्या शिक्क्यावरून ते लागलं, १९६८. काकूंकडे बांधीव अंक होते. पाहिलं, 'शांत' छापलंय. घरी येऊन कथासंग्रह उघडला. तिथेही 'शांत'च. म्हणजे लेखकाला हवा होता तो शब्द जगात फक्त या निळ्या कागदावर आहे, आणि हा कागद दुसऱ्या दिवशी तराजूत जाणार होता.

म्हणून हे लिहितेय. मोठ्या लेखकाचं पत्र सापडलं की आपण सही बघतो, फोटो टाकतो, फ्रेम करतो. पण संपादकाला लिहिलेलं पत्र हा त्या लिखाणाचाच भाग असतो. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी पत्रांतून कथेच्या बारीकसारीक जागांवर बोलत. धारवाडला राहणाऱ्या कथाकार जी. ए. कुलकर्णींची पत्रं पुढे खंडांमधून छापली गेली, म्हणून तो लोकांपासून दूर राहणारा माणूस आपल्याला इतका जवळून कळला. तरीही मला वाटतं, छापील पत्रात खाडाखोड जाते आणि तिच्याबरोबर बरंच काही जातं. 'करावा' ते 'करता आला तर पाहावा' हे अंतर टाइपात दिसलंच नसतं.

आणि हे नाशिक आहे! देवदत्त टिळकांच्या 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात शाळकरी वयातल्या कुसुमाग्रजांच्या कविता छापून आल्या. त्याच देवदत्तांनी आपल्या आईला, लक्ष्मीबाईंना, 'स्मृतिचित्रे' लिहायला लावली. लिहिणाऱ्याच्या मागे एक संपादक चिकाटीने उभा असतो, हे या गावाला वेगळं सांगायला नको. १८४०पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या आपल्या गावातल्या वाड्यांमधून असे किती गठ्ठे निघत असतील. २७ फेब्रुवारीला आपण मनापासून कार्यक्रम करतो. त्याच आठवड्यात एक दिवस ट्रंका उघडण्यासाठी ठेवू या, अशी माझी मागणी आहे. मी स्वतः येईन.

तोवर एवढं करा. लॅमिनेशन करू नका, ते कागदावरून पुन्हा निघत नाही. सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून शाई खाते. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. स्कॅन करताना पत्त्याची बाजूही घ्या, साल बऱ्याचदा तिथेच सापडतं. आणि पत्र आपल्या घरात आहे म्हणून त्यातला मजकूर आपला होत नाही. कागद ज्याला आला त्याचा, पण मजकुराचा हक्क लेखकाचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा. आपल्या कायद्याने तो मृत्यूनंतर निदान ६० वर्षं तरी राहतो. म्हणून मी त्या पत्राचा फोटो टाकलेला नाही. मागू नका, नाही म्हणायला मलाही जड जातंय.

काकूंना ते पत्र वाचून दाखवलं. तांबड्या पेन्सिलीच्या ओळीवर बोट ठेवून त्या बराच वेळ बसल्या. म्हणाल्या, "त्या रात्री हे जेवले नव्हते. मला वाटलं, पैशाची काळजी असेल."

ट्रंक माझ्या घरी आलीय. अजून निम्मा गठ्ठा सोडायचाय.