‘मोबाईलने पोरांची विचारशक्ती संपवली’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: मोबाईलमुळे मुलांचं लक्ष आठ सेकंदांवर, गोल्डफिशच्याही खाली आलंय, एआयमुळे मेंदू निकामी होतो हे अमेरिकेतल्या एमआयटीने सिद्ध केलंय, स्वीडनने शाळांमधून संगणक हद्दपार केलेत, आणि आमच्या पिढीकडे मोबाईल नव्हता म्हणून आम्ही स्वतःच्या डोक्याने विचार करायचो. शेवटी सल्ला, की बारावीपर्यंत पोरांच्या हाती फोन देऊ नका. मी रावेर तालुक्यात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. पालक हा मेसेज दाखवून ‘सर, खरं आहे का?’ विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

गोल्डफिशचं लवकर आटोपतं. हा आकडा २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या एका अहवालातून जगभर गेला. २०१७ मध्ये बीबीसीने त्याचा माग काढला, तर मागे कुठलंही संशोधन सापडलं नाही.

एमआयटीचा प्रयोग मात्र खरा आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याने तो वाचलेला दिसत नाही. एआय घेऊन आणि न घेता निबंध लिहायला लावण्याचा २०२५ मधला हा प्रयोग ५४ जणांवर झाला, शेवटच्या फेरीत त्यातले १८च उरले होते, आणि तो जाहीर झाला तेव्हा इतर तज्ज्ञांकडून तपासून झालेला नव्हता. ‘मेंदू सडला’, ‘मठ्ठ झाले’ असे शब्द आमच्या निष्कर्षांसाठी वापरू नका, अशी विनंती खुद्द संशोधकांनीच केली होती. शिवाय ज्यांनी आधी स्वतः निबंध लिहिले आणि नंतर एआय हाताशी घेतलं, त्यांचा मेंदू थंड पडलेला दिसला नाही.

पालकांनी वाचावा असा प्रयोग तुर्कस्तानातला आहे. तिथल्या हायस्कूलच्या सुमारे हजार मुलांना गणिताच्या सरावासाठी तीन गटांत वाटलं. एका गटाला साधा चॅटबॉट (विचारलेल्याचं उत्तर देणारं एआय), दुसऱ्याला थेट उत्तर न देता इशारे देणारा चॅटबॉट, तिसऱ्याला नुसतं वही-पुस्तक. सरावात चॅटबॉटवाले दोन्ही गट पुढे गेले. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा साधा चॅटबॉट वापरणारी मुलं वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडली. इशारे घेऊन शिकलेल्यांचं तसं नुकसान झालं नाही. यंत्र तेच होतं, फरक होता तो आयतं उत्तर मिळण्या-न मिळण्याचा. गाइडमधून उत्तरं उतरवून घेणाऱ्या वर्गांत हे नुकसान मोबाईल यायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, आणि त्याबद्दल कुणी मेसेज पाठवला नाही याचं मला दुःख आहे.

स्वीडनने संगणक हद्दपार केलेले नाहीत. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने छापील पुस्तकांसाठी मोठा निधी दिला आणि बालवाड्यांमधली डिजिटल साधनांची सक्ती मागे घेण्याचं जाहीर केलं. लहान मुलांच्या हाती पुस्तक हवं, हे मलाही पटतं. पण आपल्याकडे अक्कलकुवा-धडगावच्या कितीतरी पाड्यांवर अजून धड नेटवर्क येत नाही. तिथल्या मुलांना स्वीडनचा दाखला देऊन काय सांगायचं?

आता ‘आमची पिढी विचार करायची’. हे वाचून मला राग आला, कारण मला राईनपाडा आठवतं. साक्री तालुक्यातलं हे गाव. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय या अफवेवरून, मंगळवेढ्याकडून पोट भरायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. मारणारे मोबाईलवर वाढलेले शाळकरी पोरं नव्हते. त्या काळात अशा अफवांसोबत देशभर फिरलेला एक व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्मच्या शेवटी मोटारसायकलवाले उचलून नेलेल्या मुलाला परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. तेवढाच शेवट कापला होता. मूळ फिल्म शोधून पाहायला किती वेळ लागला असता? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली. शंका घेण्याची सवय मात्र कंपनी लावून देत नाही.

काळजीचं कारण आहेच. ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात सोशल मीडियासाठी फोन वापरला होता, शिक्षणासाठी ५७ टक्क्यांनी. पण यावर उपाय म्हणून फोन कपाटात ठेवला, तर पोरगं अठराव्या वर्षी तोच फोन काहीच न शिकता हातात घेणार.

वर्गात मी नववीला केळीचा तो प्रसिद्ध व्हिडिओ दाखवला: घड बादलीतल्या औषधात बुडवतात, केळी खाऊ नका, कॅन्सर होतो. एक मुलगी लगेच म्हणाली, “सर, बादलीत नाही बुडवत, चेंबरमध्ये गॅस सोडता.” तिचे वडील केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरवर कामाला. मी म्हटलं, तुझं खरं कशावरून? मग फोनवर एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम काढले. इथिलीन गॅसला परवानगी आहे, कॅल्शियम कार्बाइडला, म्हणजे आपल्या भाषेतल्या ‘मसाल्या’ला बंदी, आणि रसायनाच्या पाण्यात फळ बुडवणंही मान्य नाही. म्हणजे व्हिडिओतला प्रकार चुकीचाच, पण त्यावरून सगळी केळी विषारी ठरवणंही चूक. ‘अर्धं खरं’ असं फळ्यावर लिहायला पोरांनीच सांगितलं. यात फोन आणि डोकं दोन्ही लागलं.

हे मोठ्या प्रमाणावरही जमतं. बिहारमध्ये १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात, माहिती पारखायचे तास घेतल्यावर मुलं खरं-खोटं जास्त नीट ओळखू लागली, चार महिन्यांनीही तो परिणाम टिकला, आणि त्यांच्या आईवडिलांमध्येही सुधारणा दिसली. आपल्या शाळांच्या वेळापत्रकात आठवड्याला असा एक तास असावा, ही मागणी मी पुढच्या पालकसभेत मांडणार आहे. तो मेसेज पाठवणाऱ्या पालकांनी त्या दिवशी जरूर यावं, फोन घेऊन यावं.