पहिल्या गटाला टाळ्या कोण वाजवणार?

आज फिगर स्केटिंगवाल्यांच्या ग्रुपवर एका महाशयांनी फर्मान काढलं. ज्या शहरात पंधरा हजार खुर्च्यांचं स्टेडियम नाही, त्याचा वर्ल्ड्स, म्हणजे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, भरवण्यासाठी अर्जच घेऊ नये म्हणे. छोट्या शहरांमुळे खेळाची शान जाते. खाली लाइकांचा पाऊस. मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, आणि शेवटी म्हटलं तिथे कशाला डोकं फोडा. इथली माणसं आपली आहेत, इथेच लिहिते.

काही वर्षांपूर्वी मी एका मोठ्या स्पर्धेला गेले होते. शहराचं नाव सांगत नाही, उगाच वाद नको. स्टेडियम मात्र या महाशयांच्या स्वप्नातलं. महिलांचा शॉर्ट प्रोग्रॅम (दोन फेऱ्यांपैकी पहिली, छोटी), पहिला वॉर्मअप गट (एकत्र वॉर्मअप करून मग एकेक करून उतरणाऱ्या मुली), दिवसाची अगदी सुरुवातीची वेळ. एक मुलगी बर्फावर आली. तिच्या देशातून ती एकटीच. समोरच्या महागड्या खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या. इतकी शांतता, की लुट्झ उडीच्या आधी मागे जाताना तिच्या ब्लेडचा खर्रर्र आवाज मला वरच्या मजल्यावर ऐकू येत होता. पडली. उठली. स्पिन सुंदर केला. टाळ्या वाजल्या तर कोण वाजवतंय ते बोटाने दाखवता आलं असतं.

आपल्याला माहीतच आहे, या खेळात क्रमवारीत खाली असलेल्यांना आधी उतरावं लागतं. शॉर्ट प्रोग्रॅमनंतर एकेरीत पहिले चोवीसच पुढे जातात, बाकीच्यांचं वर्ष तिथेच संपतं. वर्ल्ड्समध्ये यायचं म्हणजे आधी किमान तांत्रिक गुण मिळवून दाखवावे लागतात, फुकट कुणी येत नाही. एवढं करून त्या मुलीला काय मिळालं? तीन मिनिटंसुद्धा नाहीत, आणि समोर रिकाम्या खुर्च्या. संध्याकाळी शेवटच्या गटाला तेच स्टेडियम बऱ्यापैकी भरलं होतं. टीव्हीवर तेवढंच दिसतं. महाशयांनीही तेवढंच पाहिलं असणार.

आणि मोठं स्टेडियम म्हणजे मोठा बर्फ असंही नाही हो! ऑलिंपिक मापाची रिंक साठ बाय तीस मीटर. उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची अवाढव्य स्टेडियमं घ्या, तिथे बर्फाची रुंदी साधारण सव्वीस मीटर. खुर्च्या जास्त, बर्फ कमी. पेअर्सवाल्यांना, म्हणजे जोडीने स्केटिंग करणाऱ्यांना विचारा, जोडीदारणीला हवेत फेकल्यावर कठडा किती लवकर अंगावर येतो ते. शिवाय हॉकीला बर्फ कडक लागतो, फिगर स्केटिंगला जरा मऊ, नाहीतर ब्लेडची कडा धरत नाही. यजमान निवडताना मी आधी हे विचारेन. बर्फ कोण बनवणार? सरावाची रिंक त्याच इमारतीत आहे, की बसने जायचं? खुर्च्या नंतर मोजू.

टॅलिन आठवतंय ना? जानेवारी २०२२. युरोपियन्स, म्हणजे युरोपची अजिंक्यपद स्पर्धा, तिथेच होती. फोर कॉन्टिनेंट्स व्हायची होती चीनमधल्या तियानजिनला, पण कोविडमुळे तिथे जमेना. मग टॅलिननेच ती घेतली, लगेच पुढच्या आठवड्यात, त्याच तोंदिराबा हॉलमध्ये. युरोप सोडून बाकी जगाची स्पर्धा, आणि भरली एस्टोनियात! गंमतच आहे. सहा हजारसुद्धा खुर्च्या नाहीत तिथे. कुणाची शान गेली? उलट ऑलिंपिकच्या तोंडावर त्या पोरांना स्पर्धा मिळाली.

आणि २०२४ च्या युरोपियन्सचं लिथुआनियातलं कौनस. बास्केटबॉलवर जीव टाकणारं गाव, स्टेडियमही बास्केटबॉलचं, त्यात बर्फ घातलेला. अ‍ॅलिसन रीड आणि साउलियस अम्ब्रुलेविचियस यांनी घरच्या लोकांसमोर आइस डान्सचं कांस्य घेतलं. ते व्हिडिओ मी अजून अधूनमधून लावते.

बरं, मान्य. २०११ मध्ये भूकंपामुळे टोकियोची वर्ल्ड्स रद्द करावी लागली, तेव्हा मॉस्कोने जेमतेम महिनाभरात सगळं उभं केलं. छोट्या शहराला ते झेपलं नसतं. आणि जपानमधलं साइतामा हे प्रचंड स्टेडियम असूनही तिथले प्रेक्षक कुठल्याही देशाच्या स्केटरसाठी झेंडे घेऊन बसतात, हेही मान्य. पण ते खुर्च्यांचं नाही, माणसांचं श्रेय आहे. तीच माणसं दोन हजारांच्या हॉलमध्ये बसवा, तशीच वागतील.

बॉस्टनचं मात्र लिहिताना हात थांबतो. २०२५ च्या जानेवारीत वॉशिंग्टनजवळ विमान पडलं, त्यात बॉस्टनच्या स्केटिंग क्लबची मुलं, त्यांच्या आया, प्रशिक्षक गेले. दोनच महिन्यांनी वर्ल्ड्स त्याच शहरात. १९६१ मध्ये ब्रसेल्सजवळ अमेरिकेचा अख्खा संघ असाच गेला होता, त्यातही याच क्लबची माणसं होती. तेव्हा प्रागची वर्ल्ड्सच रद्द केली आणि पुढच्या वर्षी प्रागलाच दिली. २०२५ मध्ये रद्द केली नाही, लोक आले, रडले, आणि स्केटिंग पाहिलं. तिथे स्टेडियम केवढं होतं हे कुणाच्या मनात तरी आलं असेल का? यजमान असणं म्हणजे काय ते तेव्हा दिसलं.

पण म्हणून सगळं कायम ठरावीक पाच-सहा शहरांतच फिरवायचं? २०२७ ची वर्ल्ड्स फिनलंडमधल्या टांपेरेला दिली तर लगेच लोकांच्या कपाळावर आठ्या. का? विमानतळ लहान आहे म्हणून? हेलसिंकीहून रेल्वेने दोन तासही लागत नाहीत. आयएसयूला, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेला, अटी घालता येत नाहीत असंही नाही. १९६७ पर्यंत वर्ल्ड्स उघड्यावरही व्हायची, तशी व्हिएन्नाची शेवटची. नंतर छप्पर सक्तीचं झालंच ना? मग आता एक अट घाला. पहिल्या गटाच्या सत्राची तिकिटं वेगळी आणि स्वस्त विका, आणि तरीही उरलेल्या खालच्या रांगा स्थानिक क्लबच्या पोरांना मोकळ्या करा. त्या दिवशी मी जिथे होते तिथे अडवायला दारावर माणूस होता, पण अडवावं असं कुणी आलंच नव्हतं. शेजारच्या रिंकवरची पन्नास पोरं आणून बसवली असती तर त्या मुलीला निदान ब्लेडशिवाय दुसरा काही आवाज ऐकू आला असता. हे करायला पैसे लागत नाहीत हो. आधी सुचावं लागतं.

कुणाचं मत वेगळं असेल तर खाली खुशाल लिहा, मी वाचेन. फक्त ‘मार्केट’ हा शब्द वापरलात तर उत्तराची वाट बघू नका.