कल त्याचा, कौल तुमचा

तुमचं मूल १४ वर्षांचं झालं असेल आणि अजून त्याचं करिअर ठरलं नसेल, तर आधी शांत व्हा. उशीर तर झालाच आहे, त्यामुळे आता घाईघाईत काहीही केलंत तरी खपून जाईल.

बरेच पालक इथे एक चूक करतात. ते मुलाकडे बघत बसतात. ते कशात रमतं, कशाला कंटाळतं, कुठली गोष्ट चारदा बिघडली तरी पाचव्यांदा करून बघतं, याच्यावर म्हणे लक्ष ठेवायचं. यात दोन-दोन वर्षं जातात आणि हातात कागदाचं चिटोरंही येत नाही. पाहुण्यांनी "मग पुढे काय ठरवलंय?" असं विचारलं तर "बघतोय" म्हणून सांगणार का? पाहुण्यांना द्यायचं उत्तर एका शब्दाचं हवं आणि तो शब्द त्यांना आधीपासून माहीत असलेला हवा. जे ऐकून समोरचा "म्हणजे नक्की काय?" असं विचारतो, ते मुळात करिअरच नव्हे.

तेव्हा बघणं थांबवा आणि चाचणी घ्या.

पण कुठली, ते जपून निवडा. काही चाचण्या उगाच भाव खातात. जॉन हॉलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये व्यवसायनिवडीचा एक सिद्धांत मांडला. माणसांच्या आवडींचे आणि कामांचे सहा प्रकार. त्यावर बेतलेल्या चाचणीत मुलाला तीन अक्षरांचा कोड मिळतो आणि समुपदेशक प्रामाणिक असेल तर म्हणतो, "ही फक्त सुरुवात आहे. आता या प्रकारची कामं करणाऱ्या चार माणसांना भेट, त्यांचा दिवस कसा जातो ते विचार." फी तुम्ही भरायची आणि वर गृहपाठही तुमच्याच मुलाने करायचा! अशा ठिकाणाहून उठून यावं.

जाडजूड रिपोर्ट मिळेल तिथे जा. रिपोर्टात काय लिहिलेलं असतं, याची चिंता १९४८ मध्येच मिटली आहे. बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याभराने प्रत्येकाला त्याचा 'स्वतंत्र' अहवाल दिला. तुमच्यात न वापरलेली बरीच क्षमता आहे, कधी तुम्ही मनमोकळे असता तर कधी अबोल, वरून शिस्तीचे दिसता पण आतून धाकधूक असते, अशी वाक्यं. अहवाल किती जुळतो याला ५ पैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली ४.२६. मग फोररने सांगितलं की सगळ्यांना एकच अहवाल वाटलाय, आणि त्यातली बरीचशी वाक्यं बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातली आहेत. ५ पैकी ४.२६! तुमच्या मुलाला गणितात तरी इतके पडतात का?

तेवढाही वेळ नसेल तर सरळ बोटांचे ठसे देऊन या. यात मुलाला एकही प्रश्न विचारत नाहीत, हा मोठाच फायदा. उत्तर ऐकावं लागत नाही. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण म्हणत आलो, पण बोटांकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. ठशांच्या रेषा जन्माच्या कितीतरी महिने आधी, पोटात असतानाच उमटतात आणि जन्मभर तशाच राहतात. म्हणजे मूल पुढे संगीतकार होणार की हिशेबनीस, हे ते या जगात येण्याआधीच ठरलेलं असतं. मधल्या काळात त्याने जे वाचलं, पाहिलं, मोडलं, जोडलं ते सगळं अवांतर. पोलीस शंभराहून जास्त वर्षं ठसे गोळा करताहेत. त्यांना त्यावरून हा कोण, एवढंच कळतं. पुढे काय होणार हेही कळत असतं तर चोर चोरीच्या आधीच नसता का सापडला? पण पोलिसांकडे रंगीत तक्ते काढणारं सॉफ्टवेअर नसावं. शास्त्रीय पुरावा वगैरे मागू नका, शोभत नाही. यंत्रावर निळा दिवा लागतो, तो बघा.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या मुलाची चाचणी होती त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. मी त्याला लवकर झोप म्हणून सांगायला गेलो, तर हा आजीच्या पलंगावर मांडी घालून बसलेला. माझ्या आईला मोबाइलवर फोटो पाठवायला शिकायचं होतं. त्याने एका कागदावर मोठ्या अक्षरांत सहा पायऱ्या लिहून दिल्या होत्या. ती तिसऱ्या पायरीला अडकायची. मी असतो तर तीच तिसरी पायरी जरा मोठ्या आवाजात सांगितली असती. हा गप्प बसून तिच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजी, तू बटण जास्त वेळ दाबतेस. म्हणून दुसरंच काहीतरी उघडतं. तुझी चूक नाही, मीच लिहिलं नव्हतं." कागद उलटा केला आणि पाठीमागे नव्याने लिहायला घेतलं. तिसऱ्या पायरीत आता आधी फोटोचं चित्र काढलं, त्यावर अंगठा काढला आणि खाली लिहिलं, 'टिचकी मारल्यासारखं. लगेच उचल.'

"अरे, वेळ काय घालवतोस? उद्या चाचणी आहे ना!" मी म्हणालो. योग्य वेळी मुलाला भानावर आणणं हे पालकाचं कामच आहे.

रिपोर्ट ३८ पानांचा आला. संवादकौशल्य: मध्यम. निरीक्षण: मध्यम. इतरांना समजून घेणं: सुधारणेस वाव. शिफारस केलेली करिअरं ११ होती, त्यात वैमानिक आणि ग्रंथपाल शेजारी शेजारी. आमचं समाधान झालं.

आता समजा, इतकं करूनही मुलाला एखादी गोष्ट मनापासून आवडते असं लक्षात आलं. घाबरू नका, यावर उपाय आहे आणि तो तपासून पाहिलेला आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीच्या वयाच्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना आधीच कबूल केलं की चित्र काढलंस तर सोनेरी तारा आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. मिळालंही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात तेच रंग समोर ठेवले, तर बक्षीस कबूल न केलेल्या मुलांच्या जवळपास निम्माच वेळ ती मुलं रंगांकडे वळली. ताऱ्याने आणि फितीने एवढं होतं, तर आपल्याकडची साधनं किती जबरदस्त आहेत बघा. मूल गुणगुणताना दिसलं की क्लास लावा. क्लासला परीक्षा हवी, परीक्षेला श्रेणी, श्रेणीला स्पर्धा, आणि स्पर्धेहून परतताना गाडीत शेजारच्या मुलीला किती मिळाले त्याची चर्चा. साधारण वर्षभरात घर शांत होतं.

काही मुलं मात्र चिवट असतात. अशांच्या पालकांनी रॉबर्ट डार्विन या डॉक्टरांचा आदर्श ठेवावा. नियोजन म्हणजे काय हे या गृहस्थांना कळलं होतं. स्वतः डॉक्टर, त्यांचे वडील डॉक्टर, म्हणून धाकट्या चार्ल्सलाही १८२५ मध्ये, सोळाव्या वर्षी, एडिंबराला वैद्यकी शिकायला धाडलं. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. चार्ल्स शस्त्रक्रिया बघता बघता अर्ध्यावरच पळाला आणि वेळ घालवला कशात, तर मेलेल्या पक्ष्यांच्या कातड्यात पेंढा भरायला शिकण्यात. वडिलांनी त्यापूर्वीच निदान केलं होतं की शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणं याखेरीज याला कशाची पर्वा नाही, हा घराण्याचं नाव घालवणार. मग दुसरी योजना: केंब्रिजला जा आणि पाद्री हो. तिथे हा किडे गोळा करू लागला. एकदा दोन्ही हातांत एकेक दुर्मीळ भुंगेरा असताना तिसरा दिसला, तर याने हातातला एक चक्क तोंडात धरला. त्याने जिभेवर तिखटजाळ द्रव सोडला आणि भुंगेरा गेला तो गेलाच. अशा मुलाच्या रिपोर्टात काय आलं असतं? 'एकाग्रता: समुपदेशनाची गरज.'

१८३१ मध्ये त्याला 'बीगल' जहाजावरून जगाची सफर करायचं बोलावणं आलं. वडिलांनी आठ आक्षेप काढले. पाद्र्याला शोभणार नाही, हे खूळ आहे, ही जागा आधी इतरांनाही विचारली असणार आणि कुणी घेतली नाही म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय, पुढे हा कधी स्थिरावणार नाही, जहाजावर हाल होतील, आणि सातवा तर मला इतका आपला वाटला की विचारू नका: म्हणजे तू पुन्हा लाइन बदलणार! यादी निर्दोष होती. घात झाला एका वाक्याने. डॉक्टरसाहेब बोलून गेले की एखादा समंजस माणूस तुला जा म्हणाला तर मी परवानगी देईन. आणि मुलाला मामा होता. मामाने आठही आक्षेपांना एकेक करून लेखी उत्तर दिलं आणि पत्रापाठोपाठ भाच्याला घेऊन स्वतः दारात हजर झाला. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. एका गावाचा पाद्री कमी झाला. असे मामा घरी येत असतील तर त्यांना लवकर वाटेला लावा.

समुपदेशनातही अशी मामा मंडळी घुसली आहेत. फ्रँक पार्सन्स हा या क्षेत्राचा आद्य माणूस. १९०८ मध्ये त्याने बॉस्टनला व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं. स्वतःला ओळख, कामांची माहिती घे, मग दोन्हींचा मेळ घाल, इतकं साधं त्याचं म्हणणं. पण कुणाचा व्यवसाय दुसऱ्याने ठरवू नये, अशी पाचरही मारून गेला. नंतर डोनाल्ड सुपर यांनी साधारण १५ ते २४ हे वय चाचपडण्याचं, करून बघण्याचं म्हणून सांगितलं. चोवीस! आमच्या एक्सेल शीटमध्ये त्या वर्षाच्या रकान्यात 'घराचं कर्ज' आहे.

तर आता आमच्या घरची हकिकत पुरी करतो. ३८ पानं वाचून माझ्या मनात थोडी शंका राहिली, म्हणून दुसरं मत घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या समुपदेशकाने रिपोर्टाच्या पानांचे फोटो मोबाइलवर पाठवायला सांगितले. मी अर्धा तास झटलो. प्रत्येक वेळी भलतंच काहीतरी उघडायचं. मुलगा शिकवणीला गेला होता, संवादकौशल्याच्या.

आई पलीकडे बसून माझी गंमत बघत होती. तिने उशीखालून घडी घातलेला कागद काढला, माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "ओरडू नकोस फोनवर. तिसरी पायरी वाच."